प्रतीक्षाची पुस्तकं, माझं सदर

गेल्या हिवाळ्यात कारंज्याच्या एका कॉलेजात पुस्तक-परिचय स्पर्धा झाली. तीतून कामरगावच्या प्रतीक्षाला बाद करण्यात आलं. कारण दिलं ते असं — वर्तमानपत्रातला मजकूर उचलला. परीक्षकांत मी होतो. तिनं काही उचललं नव्हतं, हे त्या सभागृहात तिला आणि मला, दोघांनाच माहीत होतं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

आधी सदराचं सांगतो. वाशीमला एका दैनिकाच्या जिल्हा पानावर मी काम करतो. दर शनिवारी तिथं माझ्या नावानं तरुण वाचकांसाठी सदर येतं — कोणती प्रेमकथा वाचावी, कोणती कॉलेजातल्या मुलांना आवडेल. माझी पन्नाशी उलटली आहे. प्रेमकथा मी कधी वाचणार? सुरुवातीला दोन-चार वाचल्या, मग सोडून दिलं. सदराच्या वाचकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता आणि ग्रुपवर प्रतीक्षा होती.

बारावीतली मुलगी. लिहायचा कंटाळा, म्हणून आवाज रेकॉर्ड करून पाठवायची. एका कादंबरीबद्दल तिनं सांगितलं होतं, "घरी कोणी नसन तवाच वाचा. नाहीतर माय इचारते, काहून रडून राह्यली." मी ऐकायचो, वऱ्हाडी काढून टाकायचो, वाक्यं सरळ करायचो आणि छापायचो.

आमच्या धंद्यात ही रीतच आहे. गावचा वार्ताहर फोनवर सांगतो, डेस्कवरचा माणूस लिहून काढतो. मग मी वेगळं काय केलं? — केलं. वार्ताहराच्या बातमीवर मी माझं नाव कधी घातलं नव्हतं. इथं घातलं. तिनं एकदा विचारलंही होतं, सर, माझं नाव येत नाही का? जागा कमी असते, असं मी सांगितलं.

स्पर्धेत ती त्याच कादंबरीवर बोलली. चांगलं बोलली, पोरं हसली, मग कान देऊन ऐकू लागली. पहिल्या नंबराला अमरावतीच्या फेरीसाठी पाठवणार होते. तिथं गेली तर पुढचं शिक्षणही तिकडंच, असं तिनं वडलांकडून कबूल करून घेतलं होतं. हे तिनंच ग्रुपवर सांगितलं होतं. वडील दुकान बंद ठेवून आले होते, मागच्या रांगेत बसले होते.

तिचं बोलणं संपल्यावर शेजारच्या परीक्षक प्राध्यापकांनी मोबाइलवर माझं सदर काढलं. माझ्याकडं वळून हसले. "अहो, हिनं तर तुमची आईसुद्धा उचलली."

सदरात मी ते वाक्य ठेवलं होतं, फक्त माझं करून — आई विचारेल, का रडतोस. माझी आई मी नोकरीला लागण्याआधीच गेली.

प्राध्यापकांनी माइकवरून तिला जाब विचारला. ती त्यांच्याशी बोललीच नाही. माझ्याकडं पाहून म्हणाली, "सर, हे मीच पाठोलं होतं ना तुमाले. सांगा ना यायले."

एक वाक्य पुरलं असतं. मी काय केलं? समोरचा कागद सरळ केला आणि म्हणालो, "ग्रुपवर बरेच जण बरंच काही पाठवतात. नेमकं आठवत नाही."

आठवत होतं. तिचा आवाज तेव्हाही माझ्या खिशातल्या फोनमध्ये होता. घाबरलो म्हणावं, तर कोणाला? नोकरी जाणार नव्हती. फार तर प्राध्यापक हसले असते.

वडील उठून पुढं आले. ते तिच्यावर ओरडले नाहीत. प्राध्यापकांना हात जोडून म्हणाले, लेकरू हाय, चुकलं. मग तिला म्हणाले, "चाल." माझ्यासमोरून दोघं बाहेर गेले.

निकालाची बातमी मीच लिहिली. बाद केल्याचा उल्लेख तीत नव्हता.

प्रतीक्षा त्याच संध्याकाळी ग्रुपमधून बाहेर पडली. अमरावतीला दुसरी मुलगी गेली. शनिवारी सदर माझ्या नावानं छापून आलं. त्यातलं पुस्तक प्रतीक्षानं सुचवलेलं होतं.