उजवीकडचे ठोके

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टी मी ऐकत नाही. कुणी सुरू केल्या की मी चहा टाकायला उठते. माझं काम ईसीजी काढायचं. साताऱ्यात एका डायग्नोस्टिक सेंटरमध्ये इतकी वर्षं हेच करतेय. मशीनवर दिसतं ते खरं आणि बाकी सगळे मनाचे खेळ, असं माझं मत होतं... आणि माझी पंचाईत अशी, की यातलं बरंचसं मी मशीनवरच पाहिलंय.

माझी आई रत्ना आणि मावशी पद्मा या जुळ्या. माहेर सांगली जिल्ह्यातलं, कवठे महांकाळचं. मावशीला गावातच दिली, आई लग्न होऊन साताऱ्याला आली. त्यात मी आणि माझा भाऊ अभय, आम्हीही जुळी! त्यामुळे 'घराण्यातच आहे' असं नातेवाईक कौतुकानं म्हणतात आणि मी दरवेळी वाद घालते. आम्ही दोघं दोन वेगळ्या बीजांची, म्हणजे एकाच वेळी पोटात राहिलेली साधी भावंडं. भांडकुदळपणा सोडला तर आमच्यात काही सारखं नाही. आई-मावशीचं प्रकरण वेगळं. त्या एकाच बीजाच्या, एकाचे दोन झालेल्या. हे दोन व्हायला जरा उशीर झाला, तर कधीकधी एक जण दुसऱ्याच्या आरशातल्या रूपासारखा जन्मतो. आईला तीळ डाव्या गालावर, मावशीला उजव्या. आई उजव्या हाताची, मावशी डावरी. आणि फार क्वचित घडतं ते मावशीच्या बाबतीत घडलं होतं... तिचं हृदय छातीत उजव्या बाजूला होतं.

शाळेत असताना कधीतरी एक्स-रे काढला तेव्हा ते कळलं. त्रास काहीच नव्हता. माहेरी तिला 'उलट्या काळजाची' म्हणून चिडवायचे एवढंच. मी स्वतः तिचा ईसीजी काढलाय, सगळे लीड, म्हणजे छातीवर चिकटवायच्या तारा, उजव्या बाजूला लावून. तेव्हा आमच्या सेंटरमधला स्टाफ बघायला जमला होता आणि मावशी पडल्या पडल्या म्हणाली होती, "आता तिकीट लावा गं पोरींनो."

गेल्या वर्षी आईला हार्ट अॅटॅक येऊन गेला. बायपास करायची ठरली, पण शुगर आटोक्यात येईना म्हणून लांबत गेली. ती जिन्याच्या चार पायऱ्या चढली तरी धापा टाकायची. वडील आधीच गेलेले, अभय नोकरीसाठी सांगलीत. घरात आम्ही दोघीच. ती झोपली की मी तिच्या छातीकडे बघत बसायचे, वरखाली होतेय ना म्हणून. आई जाईल या भीतीनं मी तेव्हा कुणाशी धड बोलत नव्हते.

मावशी आठवडाभर राहायला आली आणि घर जरा हसायला लागलं. जायच्या दिवशी सकाळी तिनं आईला खुर्चीत बसवलं, दोन्ही हात तिच्या तोंडावरून फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. आपल्याकडे बायका करतात तेच.

"तुजं दुखणं माज्याकडं दे," मावशी म्हणाली. "मी दांडगी हाय. मला काय हुतंय?"

"नेतीस तर ने बाई," आई हसत म्हणाली. "मी तरी कटाळलीय."

यात विशेष काय? मलाही काही वाटलं नाही. मी मावशीला स्टँडवर नेऊन एसटीत बसवून दिलं.

दुपारी आईला नेहमीच्या तपासणीसाठी सेंटरला घेऊन आले. लीड लावले, मशीन सुरू केलं आणि कागदावर रेषा उलट्या आल्या. जिथं वर जायला हव्यात तिथं खाली. अशा वेळी तंत्रज्ञाच्या मनात पहिली शंका एकच येते — डाव्या-उजव्या हाताच्या क्लिपांची अदलाबदल झाली. शिकाऊ पोरं हमखास हे करतात. मी स्वतःवरच वैतागले. क्लिपा काढल्या, रंग बघून पुन्हा लावल्या. रेषा उलट्याच. शिवाय छातीवरचे लीड डावीकडे जसजसे सरकत गेले तसतशा रेषा बारीक होत चालल्या होत्या, आणि हे क्लिपांच्या चुकीनं होत नाही.

मी आईच्या छातीवर उजव्या बाजूला हात ठेवला. माझ्या तळव्याखाली ठोके पडत होते... दमदार, संथ. डावीकडे काहीच लागत नव्हतं.

सगळे लीड उजवीकडे लावून मी परत कागद काढला. स्वच्छ ईसीजी. अॅटॅक येऊन गेल्याच्या ज्या खुणा आईच्या प्रत्येक ईसीजीत असायच्या, त्या नव्हत्या. 'मावशीच राहिली आणि आई एसटीत बसली की काय' असंही वाटून गेलं, म्हणून मी नीट पाहिलं. तीळ डाव्या गालावर. पोटावर आमच्या वेळच्या सिझेरियनचा व्रण. आईच होती.

"झालं का गं?" तिनं विचारलं.

"मशीन बिघडलंय," मी म्हणाले आणि तिला घरी घेऊन आले. डॉक्टरांना दाखवायचं धाडस झालं नाही. दाखवून सांगणार काय होते?

घरात पाऊल टाकतोय तोच अभयचा फोन. मावशी गावी एसटीतून उतरली आणि स्टँडवरच कोसळली, लोकांनी सांगलीला आणून अॅडमिट केलंय. मी आईला सांगितलं. ती रडली नाही, घाबरली नाही. भिंतीकडे बघत म्हणाली, "तू जा. मी न्हाई येत." जिच्याशी फोनवर बोलल्यावाचून हिला चार दिवस करमत नव्हतं ती बहीण दवाखान्यात, आणि ही येत नाही... त्या क्षणी मला पहिल्यांदा माझ्या आईची भीती वाटली. शेजारच्या काकूंना तिच्यापाशी बसवून मी तशीच कामाच्या कपड्यांत निघाले.

सांगलीला पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. आयसीयूच्या दारातच मी डॉक्टरांना म्हणाले, "पेशंटचं हृदय उजवीकडे आहे, तुम्हाला कुणी सांगितलंय का?"

त्यांनी हातातला केसपेपर पुन्हा चाळला. "कुणाचं? यांचं? अहो, मी आत्ता इको केलाय. हृदय डावीकडेच आहे, जिथं असायला पाहिजे तिथं. पण यांना आधी एक अॅटॅक येऊन गेलाय, ते तुम्ही कुणी बोलला नाहीत."

मावशीला कधी साधा रक्तदाबही नव्हता.

आत मावशीच पडली होती. उजव्या गालावर तीळ. डाव्या हाताच्या बोटाचं पेर नाही, ते पूर्वी कडबाकुट्टीच्या यंत्रात गेलं होतं. मी वाकले तशी तिनं डोळे उघडले, उजवा हात कसाबसा उचलला आणि माझ्या गळ्यात लोंबणारं सेंटरचं आयकार्ड ओढणीच्या आत सारलं.

"असं लोंबत घिऊन फिरू नको रस्त्यानं," ती म्हणाली. "कितींदा सांगायचं?"

हे मला आई म्हणायची. रोज सकाळी, दारात, अगदी याच शब्दांत. मावशी राहायला यायची तेव्हा मी निघायच्या वेळी ती झोपलेली असायची. माझ्या तोंडून 'आई' निघून गेलं. शेजारी उभ्या असलेल्या अभयला वाटलं, मी कळवळून म्हणाले. तिनं मात्र 'हो' म्हणून मान हलवली. उजाडायच्या आत ती गेली.

गावी नेलं. शेजाऱ्यांच्या गाडीतून आईही पोचली. मावशीला मूलबाळ नव्हतं, घरी ती आणि काका दोघंच. सगळं उरकल्यावर संध्याकाळी गोठ्यातली म्हैस हंबरायला लागली. ती मावशीशिवाय कुणाला जवळ येऊ द्यायची नाही, काकांनाही लाथ मारायची. आई उठली, बादली घेतली आणि गोठ्यात गेली. साताऱ्याला आल्यापासून आईनं म्हशीला हात लावलेला नव्हता. मी मागोमाग गेले. ती डाव्या हातानं सडांवर पाणी मारत होती. म्हैस शांत उभी होती.

मी जवळ जाऊन तिच्या छातीवर हात ठेवला. उजवीकडे ठोके होते. तिनं हात झिडकारला नाही.

"तू कोण हैस?" मी विचारलं. मला शुद्ध बोलायचंही भान राहिलं नव्हतं.

ती धार काढू लागली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी फकस्त दुखणं मागितलं हुतं, पोरी. तुजी आई सगळीच गेली त्येच्यासंगं." बादली बाजूला सरकवत म्हणाली, "काकास्नी कळू दिऊ नको. आबयला बी नको. त्येला आई पायजे."

आज ती आमच्या साताऱ्याच्या घरात आहे. जिने चढते, बाजारात जाते, मला रागावतेही. डॉक्टर ऑपरेशनपूर्वीच्या तपासणीला बोलवतात आणि मी दरवेळी काहीतरी कारण सांगते. अभय म्हणतो, धक्क्यानं आईचा स्वभाव बदललाय. उद्या एखाद्या डॉक्टरनं दोघींच्या हृदयांचा हिशोब मला समजावून दिला तर मी हात जोडून ऐकेन. पण जुळ्यांबद्दल मिळेल ते वाचून काढलं, त्यात हे कुठं नाही. मला आई वाचायला हवी होती, वाचली. आणि तिच्याबरोबर घरात एकटं राहायची मला भीती वाटते, हेही खरंच आहे.

मावशीच्या दिवसांना मी इतकी रडले की बायका एकमेकींना म्हणाल्या, पोरीची मावशीवर लय माया हुती. मावशी माझ्या शेजारीच बसली होती.