मिनिटाला साठ स्ट्रोक

रोहिणी,

हे पत्र मी छापायला देतेय, तुझ्याआधी परके लोक ते वाचणार आहेत, म्हणून तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही लिहाव्या लागताहेत. कंटाळा आला तर ओळी गाळ. वर्गात तू तेच करायचीस.

चाकणच्या कॉलेजात बारावीला तू माझ्या फिजिक्सच्या वर्गात होतीस. कुरुळीची, शेतकऱ्याच्या घरची, मागच्या बाकावर बसून पुढच्यांची गणितं सोडवणारी. पुढे शिकायला हवी होतीस. लग्न झालं, तेही कुरुळीतच, आणि पत्र्याचे सुटे भाग ठोकणाऱ्या एका कारखान्यात तू प्रेसवर लागलीस. नऊ वर्षं. मग एका सकाळच्या शिफ्टला प्रेस खाली आला तेव्हा तुझा उजवा हात आत होता. हात आत दिसला की प्रेस थांबवणारा सेन्सर बंद ठेवलेला होता, कारण तो चालू असला की माल कमी निघतो. मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं, दोन्हींची पेरं गेली. अंगठा आणि तर्जनी वाचली, पण तर्जनीचं टोक बधिर.

मी भेटायला आले तेव्हा तुझ्या सासूबाई, सारजाबाई, ओट्यावर शेंगा फोडत होत्या. म्हणाल्या, "रडत बी न्हाई ओ बाई ही. आमी समदी रडलो. ही आपली भिंतीकडं बघती." तू डाव्या हाताने चहा केलास. साखर घालायची राहिली होती, ते मी सांगितलं. मला सांत्वन जमत नाही.

त्याच दिवशी तू महाळुंग्याच्या कंपनीचं बोललीस. तिथे मीटर जोडायला बायका घेतात. चिमट्याने बारीक स्क्रू बसवायची परीक्षा असते, भरती दोन महिन्यांनी. "हात चालंल का, तेवढंच कळायचं हाय मॅडम."

पुढच्या आठवड्यात मी तुला माझा कॅमेरा आणून दिला. रोलवाला, जुना, एकाखाली एक दोन भिंगं, वरून पोटात डोकावून बघायचं. चाकणच्या नानासाहेबांनी फोटो स्टुडिओ बंद केला तेव्हा मी तो हौसेने घेतला होता. पहिल्याच रोलचे फोटो पांढरेफटक आले आणि कॅमेरा सहा वर्षं कपाटात पडला. मी म्हटलं, यावर हात बसव, मोडला तरी चालेल.

"मोडलेलाच हाय की," तू म्हणालीस.

दोष तू पहिल्या दिवशीच पकडलास. भिंगामागे शटरच्या पातळ पोलादी पाकळ्या असतात. त्या क्षणभर उघडून मिटायला हव्यात. इथे उघडत होत्या झटक्यात, मिटत होत्या सावकाश, म्हणून उजेड जास्त आत जाई. मी ते फळ्यावर शिकवल्यासारखं सांगत बसले. तू म्हणालीस, "दार उघडतंय, लावायला कुणी न्हाई."

आणि मग तू त्यात तेल घातलंस. प्रेसवर नऊ वर्षं काढलेल्या बाईचा पहिला उपाय: अडलं की ऑइल मार. मी समोर बसून बघत होते, थांबवलं नाही. शटरच्या पाकळ्या कोरड्याच चालतात हे मला ठाऊक असायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी त्या एकमेकींना चिकटून बसल्या, उघडेचनात. पुढचं भिंग आट्यांवरून फिरवून काढलंस, काडीला कापूस गुंडाळून आत फिरवलास. कापूस लाल निघाला. मला वाटलं, बोट पुन्हा फुटलं. तू वास घेतलास.

"रक्त न्हाई. कुंकू हाय. ह्याची पूजा झालीय मॅडम."

नानासाहेब दर खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत कॅमेरा ठेवत. कुंकू कोरडं गळतं म्हणून तेलात कालवून भिंगाच्या कडेला टिळा. चाळीस वर्षांचे टिळे पाझरून आत गेले होते. त्यावर तुझं तेल.

"आमच्या प्रेसला दरसाल मीच लावायची," तू म्हणालीस, आणि दुसरा कापूस घेतलास.

प्रेसवरची तुझी जुनी सोबतीण पूनम त्या कारखान्यातून आयपीए घेऊन आली, म्हणजे पार्ट पुसायचं स्पिरिट, पाण्याच्या बाटलीत. तीन आठवडे तू तेवढंच केलंस. स्टीलच्या ताटात स्क्रू काढायचे, पुसायचं, परत लावायचे. पहिल्या दिवशी एकच स्क्रू अकरा वेळा पडला. मी मोजत होते. तू म्हणालीस, मोजू नका. मग तुला युक्ती सापडली. बोटाला कळत नाही, तर डोळ्याने धरायचं. नजर काढली की स्क्रू पडे. तू नजर काढणं सोडलंस. सारजाबाईंनी हाक मारली तरी मान वर नाही.

कापूस पांढरा निघायला लागला तेव्हा वेळ तपासायची ठरली. मी शटरचा काटा एक सेकंदावर लावला आणि वेळ मोजायला फोन बाहेर काढला. तू बटण दाबलंस. उघडलं, मिटलं.

"सेकंद लांबलाय."

फोनही तेच म्हणत होता. तुला कसं कळलं, मी विचारलं.

"आमचा प्रेस मिनिटाला साठ स्ट्रोकचा व्हता."

मी फोन पर्समध्ये टाकला. तू शटरची वेळ धरणारी बारीक चाकं आणखी दोनदा धुतलीस, दाबून ऐकलंस आणि म्हणालीस, आता बरोबर. मी तपासलं नाही.

महाळुंग्याला तू वीसच्या वीस स्क्रू बसवलेस, दोन मिनिटं राखून. मग मेडिकल. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाले, टोचल्यावर बोला. तू बोलली नाहीस. त्यांनी तीनदा टोचलं म्हणे. "डोळे उघडे असते तर सांगितलं असतं," तू मला फोनवर सांगितलंस, बस उशिरा आली हे सांगावं तशा आवाजात. कागदावर अनफिट.

आता तू हिंजवडीत एका इमारतीच्या काचा पुसतेस. जाऊन-येऊन चार तास रस्त्यात जातात. कॅमेरा तुझ्याकडेच आहे. सारजाबाईंनी यंदा खंडेनवमीला तो पाटावर मांडला, तेव्हा तू टिळा तो ठेवायच्या खोक्याला लावायला लावलास, कॅमेऱ्याला नाही. हे त्यांनीच मला सांगितलं, तक्रार म्हणून.

पण आत रोल नाही. मेडिकलच्या आदल्या दिवशी तू म्हणाली होतीस, "रोल धुतल्याबिगर काम झालं का न्हाई ते कळायचं न्हाई मॅडम." चाकणला रोल मिळत नाही. पुण्यातून मी आणायचा होता, मंगळवारी. मेडिकलचा तुझा फोन सोमवारी आला. मंगळवारी मी घरीच बसले. त्याला दीड वर्ष झालं. तू आठवण केली नाहीस. दुकान मला ठाऊक आहे, माझ्या दारातून थेट बस जाते.