बॅटरीमागचं सॉकेट

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. पेणला माझं छोटं गॅरेज होतं. पेट्रोल इंजेक्शनची नवी गाडी दारात आली की मी सरळ सांगायचो, "मुंबईला न्या." कार्बोरेटर मी डोळे मिटून खोलायचो, पण या गाड्यांत कार्बोरेटरच नव्हता. गॅरेज बंद करून नागोठण्याला कंपनीत लागावं, असं मनात घोळत होतं.

एका सकाळी अशीच एक गाडी धक्के खात आली. चालवणारे साठीचे गृहस्थ मूळचे रोह्याजवळच्या वरसेचे, ज्यू. तरुणपणी इस्रायलला गेलेले. आता मित्राची गाडी घेऊन गाव बघायला निघालेले. पुढे गडब गावापाशी डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा लागला, म्हणून मागे फिरले होते.

मी नेहमीचं उत्तर दिलं. ते हसले.

"गाडीलाच इचारू या ना. तिकडं मीपण मेकॅनिकच हाय. हिला तपासणीचं सॉकेट असतंय."

"कुठं असतं?"

"आमच्याकडं स्टेअरिंगखाली. हिचं नाय ठाव."

मग आम्ही दोघं गाडीत आडवे होऊन शोधायला लागलो. स्टेअरिंगखाली नाही, फ्यूजपाशी नाही. शेवटी बॉनेट उघडल्यावर बॅटरीमागे रबरी टोपण घातलेलं काहीतरी माझ्या हाताला लागलं.

"हेच!" ते ओरडले.

त्यांनी दोन पिना तारेने जोडल्या. आता चावी फिरवली की इंजिनच्या त्या दिव्याने उघडमीट करून बिघाडाचा आकडा सांगायचा होता. दिवा ढिम्म. ते हिरमुसले. मी वाकून सॉकेटात पाहिलं, तर पिनांवर हिरवा गंज. खाडीच्या हवेतला हा गंज माझ्या रोजच्या ओळखीचा. पेट्रोल आणि ब्रशने पिना घासल्या, पुन्हा चावी फिरवली.

दिवा लुकलुकायला लागला!

त्या आकड्याचा अर्थ मात्र दोघांनाही ठाऊक नव्हता. शेजारच्या एसटीडी बूथवरून मी मुंबईच्या वर्कशॉपला फोन लावला. बिघाड इंजिनच्या पाण्याचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा, असं कळलं. पाहतो तर त्याची वायर उंदराने कुरतडलेली. ती जोडली, टेप गुंडाळली. इंजिन एकसुरात चालायला लागलं.

"जमतंय की तुमाला," ते म्हणाले.

"तुम्ही होतात म्हणून."

"गंज मला कुठं दिसला?"

ते वरसेला गेले. महिन्याभरात रोह्याच्या एका डॉक्टरांची इंजेक्शनचीच गाडी आली, पण वेगळ्या कंपनीची. "पेणला होईल का हे काम?" त्यांनी विचारलं.

"बसा, चहा घ्या," मी म्हणालो आणि टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली शिरलो.