ब्रायटन बीचची पिरोश्की आणि एक मधलं नाव

आमच्या वेस्ट विंडसरची माणसं समुद्र पाहायला जर्सी शोअरला जातात, तेही उन्हाळ्यात. आम्ही मायलेकी मार्चच्या कडाक्याच्या शनिवारी ब्रुकलिनच्या ब्रायटन बीचला गेलो. घरात एका फॉर्मवरून अबोला चालू होता, म्हणूनही थोडं बाहेर पडायचं होतं.

शाळेने विचारलं होतं, डिप्लोमावर नाव काय छापायचं? सोमवारपर्यंत कळवा. रेवाने वडिलांचं नाव उडवून नुसतं ‘रेवा साने’ लिहिलं. ‘‘आई, श्रीकांत इज अ बॉइज नेम! रोल कॉलला सगळे हसतात.’’

‘‘तुझं नाव, तू ठरव,’’ एवढंच श्रीकांत म्हणाला आणि त्याने आधीच झाडलेलं गॅरेज पुन्हा झाडायला घेतलं. वीस वर्षं संसार केलाय, ते झाडणं मला कळतं.

त्याच शनिवारी ब्रायटन बीचला नीनाबाईंचं वाचन होतं. या रशियन लेखिका, वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्या बालपणावरचं पुस्तक मी अर्धंअधिक वाचलं होतं. रेवा मात्र आली ती निव्वळ पिरोश्कीसाठी, म्हणजे तिथल्या सारण भरलेल्या पावांसाठी.

जाणार असाल तर गाडी नेऊ नका, पार्किंग शोधताना नाकी नऊ येतात. प्रिन्स्टन जंक्शनहून पेन स्टेशन सव्वा तास, थोडं चालून क्यू ट्रेन पकडली की तासाभरात ब्रायटन बीच. जिना उतरलं की दुकानांवर रशियन पाट्या आणि खिडकीतून मिळणाऱ्या गरम पिरोश्की. शाकाहारी लोकांनी कोबीची किंवा बटाट्याची मागावी, दोनांत पोट भरतं. विकणाऱ्या बाईंनी ‘‘किती वाळलीय पोरगी!’’ म्हणत रेवाच्या हातात तिसरी कोंबली. आपल्याकडच्या काकूच त्या.

वाचन एका छोट्या हॉलमध्ये होतं. रशियातही आपल्यासारखंच मुलांच्या नावापुढे वडिलांचं नाव लागतं. नीनाचे वडील पावेल, म्हणून ती नीना पावलोव्ना. ती पाच वर्षांची असताना सोव्हिएत पोलिसांनी आधी वडिलांना नेलं, मग आईला. दोघंही परत आले नाहीत. अनाथाश्रमात ती उशीखाली पाव लपवून झोपायची. तिथल्या बाईंनी ‘देशद्रोह्याचं नाव इथे नको’ म्हणून वहीत वडिलांचं नाव आणि आडनाव दोन्ही बदलून टाकलं. नीनाबाई हे सगळं इंग्रजीत, अगदी शांतपणे वाचत होत्या. माझ्याने ऐकवेना.

नंतर सही घेताना सवयीने माझ्या तोंडून ‘‘नीना मावशी’’ निघून गेलं. म्हणजे काय, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आईची बहीण.

त्यांचा पेन थांबला. ‘‘माझी मावशी मला शोधत तीनदा आश्रमात आली होती. त्यांनी तिला वही दाखवली, या नावाची मुलगी इथे नाही म्हणाले. मी मागच्या खोलीत बटाटे सोलत होते.’’

रेवाने विचारलं, ‘‘डिड शी एव्हर फाइंड यू?’’

‘‘हो तर! माझं पहिलं पुस्तक छापताना संपादकांनी विचारलं, नाव कुठलं घालू? म्हटलं, माझ्या वडिलांनी दिलेलं, पूर्ण. वर्षभरात मावशीचं पत्र आलं. तिने ते नाव दुकानाच्या खिडकीत वाचलं होतं.’’ मग रेवाकडे पाहून म्हणाल्या, ‘‘तू कोणाची?’’

‘‘श्रीकांत,’’ रेवा पुटपुटली. नीनाबाईंनी पुस्तकावर रशियन लिपीत काहीतरी लिहिलं आणि तिला वाचायला शिकवलं.

समुद्रावर वारा कापत होता. रेवा पुस्तक जॅकेटच्या आत धरून चालत होती. मी उपदेशाचा एक शब्दही काढला नाही. मला ओळखणाऱ्यांना ही गोष्ट खरी वाटणार नाही.

घरी येऊन नीनाबाईंचं उरलेलं पुस्तक मी एका बैठकीत संपवलं. त्या पोरीचं काय काय हिरावलं गेलं होतं, आणि तिने त्यातलं केवढं परत मिळवलं! वाचून मला फार बरं वाटलं.

रविवारी संध्याकाळी रेवाने पुस्तक बाबापुढे धरलं. ‘‘हे काय लिहिलंय?’’ त्याने विचारलं. तिने अक्षरांखाली बोट फिरवलं. ‘‘रेवा श्रीकांतोव्ना. दॅट्स मी, बाबा.’’

श्रीकांत उठून गॅरेजकडे निघाला.

‘‘बाबा, थांब ना! आधी तुझ्या नावाचं स्पेलिंग चेक कर. इट्स गोइंग ऑन द डिप्लोमा.’’

तो परत आला, चष्मा लावला आणि फॉर्मवरचं ते एकच नाव बराच वेळ तपासत बसला.