लेके नावाचं आडनाव

कप आधी खाली ठेवा, मग सांगतो. मागं हे सांगत होतो तेव्हा माझ्या मेव्हण्याला हसता हसता असा ठसका लागला, की त्याच्या पांढऱ्या शर्टावर चहाचा नकाशा उमटला. रिटायर झालेल्या माणसाच्या हातात मोकळा वेळ आणि मोबाईल एकाच वेळी आला की काय होतं, ते यात आहे. दुसऱ्या कुणाच्या नावावर खपवता आलं असतं तर खपवलं असतं. पण सगळी भानगड नावाचीच, त्यामुळं इलाज नाही.

मी सुधाकर लेके. सांगलीत विश्रामबागला राहतो. जन्मभर हायस्कूलात भूगोल शिकवला. गाव मात्र पाटणच्या वर, कोयनेच्या खोऱ्यात. तिथं आमच्या भावकीची थोडीच घरं. त्या घरांबाहेर जगात दुसरा लेके मला कधी भेटला नाही.

आता या आडनावानं लहानपणी काय काय दाखवलं म्हणता? आमचे गुरुजी कुठल्याही पोरावर चिडले की म्हणायचे, "काय रं लेका, शिंगं फुटली का?" आणि प्रत्येक वेळी मी उभा राहायचो. गुरुजी मला खाली बसवायचे. पुढं पुढं त्यांनाही कंटाळा आला. मग "लेका" ऐकून मी उभा राहिलो, की उभा राहिलाच आहे म्हणून दोन छड्या मलाही द्यायचे.

वडिलांची तऱ्हा तर आणखी. ते फौजेत होते. भरती झाल्यावर पहिल्याच दिवशी उस्तादानं विचारलं, "नाम?"

"लेके."

"क्या लेके?"

"कुछ नहीं, साब. खाली लेके."

झालं. वडिलांना डोक्यावर बंदूक धरून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. हा किस्सा ते दरवेळी सुट्टीवर आले की सांगायचे. अंगणात बाज टाकलेली, आई चुलीपाशी, आम्ही पोरं त्यांच्या पायाशी. पुढचं वाक्य आम्हाला पाठ असायचं, तरी ते "क्या लेके" म्हणाले की आम्ही पुन्हा नव्यानं लोळायचो. वडील गेले तशी ती सुट्टी संपली. पण अजूनही बँकेत कुणी माझं आडनाव पुकारलं की मला आधी त्यांचा आवाज ऐकू येतो.

तर, रिटायर झालो. मुलानं चांगलासा फोन घेऊन दिला. एका दुपारी बसल्या बसल्या मी आपलं आडनाव इंग्रजीत टाकलं आणि शोधलं. आडनावांची माहिती देणारं कुठलंसं पान उघडलं. त्यावर जगाचा नकाशा. नकाशा दिसला की भूगोलाच्या मास्तराचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. महाराष्ट्रावर बारीकसा फिकट ठिपका, आणि तिकडं ॲड्रिॲटिक समुद्राच्या काठावर एक चिमुकला देश गडद रंगवलेला. अल्बानिया.

खाली लिहिलं होतं, की हे नाव अलेक्झांडर या नावाचं तिकडचं छोटं रूप.

अलेक्झांडर म्हणजे सिकंदर. मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. मग आणखी शोधलं, तर त्या देशाच्या चलनाचं नावसुद्धा लेक. आता मला सांगा, अशा वेळी माणसानं काय समजावं? सिकंदर हिंदुस्थानात आला होता, हे मीच वर्षानुवर्षं पोरांना सांगितलेलं. त्याचे काही शिपाई मागं राहिले असणार. त्यातला एखादा खाली खाली येत कोयनेच्या खोऱ्यात पोहोचला असणार. तो पंजाबातून पाटणपर्यंत कशाला येईल, हा प्रश्न मला पडला नाही. वर्गात एखाद्या पोरानं असलं उत्तर लिहिलं असतं तर मी त्याला भोपळा दिला असता.

संध्याकाळपर्यंत भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी हा शोध टाकून मोकळा झालो. गावाकडच्या तरण्या पोरांना तर कारणच हवं होतं. ग्रुपवर देवीचा फोटो होता, तो काढून कुणीतरी घोड्यावर बसलेला सिकंदर लावला. माझा चुलतभाऊ दिनकर, तो गावीच शेती बघतो, त्यानं फोन केला.

"दादा, म्हंजे आपलं नाक त्यामुळंच असं हाय व्हय?"

"असेल असेल," मी म्हणालो. आमची नाकं नकटी आहेत, हे दोघांनाही त्या क्षणी आठवलं नाही.

इथवर सगळं ठीक होतं. पण त्याच सुमारास दिनकरच्या मुलीचं, अश्विनीचं, फलटणला स्थळ जमत आलं होतं. मुलगा साखर कारखान्यात चांगल्या नोकरीला, घरचा ऊस, माणसं सरळ. पोरांनी एकमेकांना पसंत केलेलं. अश्विनी तर त्याचा फोन आला की परसात जाऊन बोलायची, म्हणजे काय ते समजा. सुपारी फोडायला आम्ही फलटणला जायचं ठरलं. दिनकर म्हणाला, "दादा, तुमी शिकल्यालं. बोलायचं काम तुमचं."

बोलायचं काम माझं. हे वाक्य लक्षात ठेवा.

आम्ही गेलो. दिनकर, त्याची बायको, अश्विनी, मी, आणि आमची आक्का. आक्का म्हणजे दिनकरची आई, माझी चुलती. भावकीतलं ते सगळ्यात जुनं माणूस. गाडीत सगळा वेळ तिनं खिडकीकडं तोंड करून डुलकी काढली. तिला कुणी काही विचारलं नाही आणि तीही काही बोलली नाही.

फलटणला स्वागत झक्क झालं. मुलाचे वडील आबासाहेब, भारदस्त माणूस, पण बोलणं मऊ. चहा झाला, पोहे झाले. मधल्या टेबलावर सुपारीचं ताट आलं. ब्राह्मण अजून यायचा होता म्हणून आबासाहेबांनी सहज विषय काढला.

"लेके हे आडनाव आम्ही पहिल्यांदाच ऐकलं. मूळ कुठलं म्हणायचं?"

मी घसा साफ केला. गावातले वीस लोक समोर बसलेत आणि आपल्याला नेमका येणारा प्रश्न आलाय, हा योग सगळ्यांच्या नशिबी नसतो.

"मूळ अल्बानियाचं," मी म्हणालो.

"अलिबागचं?" मुलाच्या आत्यानं विचारलं.

"अलिबाग नव्हे. अल्बानिया. युरोपात."

खोली गप्प झाली. मला वाटलं, प्रभाव पडला. मग काय विचारता. मी ॲड्रिॲटिक समुद्र सांगितला, राजधानी सांगितली, डोंगर, हवामान, मुख्य पिकं. शेवटी सिकंदर आणला. दिनकर अभिमानानं माझ्याकडं बघत होता.

"तिकडं अजून कोण असतं तुमचं?" आबासाहेबांनी विचारलं.

"असणारच की. लेके तिकडं पुष्कळ."

"मग येणंजाणं?"

"सध्या नाही," मी म्हणालो. त्या 'सध्या'नं घात केला.

आत्या आपल्या वहिनीच्या, म्हणजे मुलाच्या आईच्या, कानाशी लागली. वहिनी उठून आत गेली. आतून कुजबुज ऐकू यायला लागली. पोरगी लग्नानंतर परदेशी जायची म्हणे. नाही, माणसंच परदेशातली. मग इतके दिवस सांगितलं का नाही. मुलाच्या धाकट्या काकानं मला बाजूला घेऊन विचारलं, तिकडं ट्रॅक्टर ड्रायव्हरला काम मिळतं का. आबासाहेब मात्र जमिनीकडं बघत होते.

"गुरुजी, राग मानू नका," ते शेवटी म्हणाले. "तुमचं देवक काय मग?"

आमच्याकडं देवकाचं सगळं बायकाच बघायच्या. त्या पानावर देवक दिलेलं नव्हतं.

"तो भाग मी अजून पाहिला नाही," मी म्हणालो.

आबासाहेबांनी मान हलवली. "माणसं चांगली आहेत तुमची. पण इतक्या लांबचं मूळ, रीतभात कळत नाही, आम्हाला घरात विचार करावा लागेल." त्यांनी आतून परत आलेल्या बायकोकडं नुसती नजर केली. तिनं सुपारीचं ताट उचललं.

अश्विनीनं माझ्याकडं पाहिलं. रडली नाही, रागावली नाही, नुसतं पाहिलं. मी इतकी वर्षं शिकवलं, पण एवढं नापास मला कुणी केलं नव्हतं. दिनकरच्या कपाळावर घाम आला होता. मला सगळा सिकंदर उलटा गिळावासा वाटत होता.

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला.

"ताट ठेवा की खाली, वैनी. जड असंल."

आक्का बोलत होती. सगळे वळले. ती पदर सारखा करत माझ्याकडं बघून म्हणाली, "सुधा, काय रं ते तुझं अल्बान्या? कुणी सांगितलं तुला?"

"आक्का, फोनवर आलंय," मी म्हणालो.

"फोनवर आलंय. आन् मी काय मेले हुते व्हय?" मग ती आबासाहेबांकडं वळली. "आवं पाव्हणं, ह्येचा पूर्वज तुमच्या हितलाच. फलटणचा."

आणि मग तिनं ते सांगितलं. मी आजवर कधी न ऐकलेलं.

फार जुनी गोष्ट. रस्ते नव्हते तेव्हाची. वरच्या मुलखातून धान्याचे बैल पाटणवरून घाटानं कोकणात उतरायचे आणि मीठ घेऊन परत यायचे. अशाच एका तांड्याबरोबर एक लहान पोर आलं. पाटणच्या वर त्याला ताप भरला. तांड्यातल्या माणसांनी आमच्या गावातल्या एका एकट्या बाईच्या ओसरीवर त्याला निजवलं. परतताना नेतो म्हणाले. परत कुणी आलं नाही. वाटेत काय झालं, कुणाला ठाऊक नाही.

"पोर बरं झालं," आक्का म्हणाली. "पर नाव इचारलं की बोलंना. येकच शबुद. फलटण. भूक लागली का, फलटण. झोप आली का, फलटण. मग त्या बाईनं त्याला लेका म्हणायला सुरवात केली. लेका, जेव. लेका, नीज. समद्या गावानं तेच धरलं. दरसाली मिठाचं बैल याच्या टायमाला ते पोर वाटंवर जाऊन बसायचं. मोठं झालं, लगीन झालं, तरी बसायचं म्हणत्यात. पुढं सरकारी साहेब आला, त्यानं इचारलं आडनाव काय. लोक म्हणालं, लेका. त्यानं लिवलं लेके."

मुलाच्या आईच्या हातातलं ताट कधी खाली आलं, ते कुणाला कळलं नाही.

"आक्का, हे तुला कसं ठाऊक?" मी विचारलं.

"सासूनं सांगितलं. तिला तिच्या सासूनं. घरातल्या समद्या सुनांना ठाऊक हाय. बाप्यांनी कवा इचारलंच न्हाई. तुझी आई बी जात्यावर बसली की सांगायची तुला. तू म्हणायचास, आई, आवाज करू नगंस, माझा भूगोल चाललाय."

मला आईचं जातं आठवलं. भिंतीपलीकडून येणारी ती घरघर आणि मधेच थांबलेला तिचा आवाज. मी कानात बोटं घालून नद्यांची नावं घोकत होतो.

आबासाहेबांनी सावकाश विचारलं, "म्हणजे तुम्ही आमच्याच गावचे. मग भावकी एक निघायची का?"

आक्का शांतपणे म्हणाली, "तुमी तरी हितलंच का?"

आबासाहेब हसायला लागले. "नाही हो. कॅनॉल आला, ऊस आला, तेव्हा आमचे पणजोबा माणदेशातून इकडं आले. आम्ही दुष्काळातले."

"मग झालं तर," आक्का म्हणाली. "आन् देवक त्या बाईचं लावतो आमी. कळंबाचं. तुमचं?"

त्यांचं वेगळं निघालं, म्हणजे लग्नाला आडकाठी नव्हती. सुपारी फुटली. अश्विनीनं सगळ्यांच्या पाया पडताना माझ्या पायावर जरा जोरातच डोकं टेकलं, असं मला वाटतं.

निघताना आबासाहेब मला रस्त्यापर्यंत पोचवायला आले. दोन्ही बाजूंनी ऊस उभा होता. मला म्हणाले, "गुरुजी, त्या पोराला न्यायला इथून कुणी आलं नाही. आता तुम्ही येत जा." मी मान डोलावली. त्या पोराचं खरं नाव काय असेल, हा विचार कराडपर्यंत डोक्यातून गेला नाही. ग्रुपवरचा सिकंदर मी गाडीतूनच काढून टाकला.

लग्न फलटणलाच झालं. जेवायला माझ्या शेजारी फेटा बांधलेले एक म्हातारे गृहस्थ होते. बोलता बोलता त्यांनी आडनाव विचारलं.

"लेके."

"कुठलं म्हणायचं हे?"

आता मी शहाणा झालो होतो. जिलेबी खाली ठेवली आणि छाती काढून म्हणालो, "इथलंच. फलटणचं."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मी हितं जन्मलो, हितंच म्हातारा झालो. असलं आडनाव फलटणात न्हाई." मग माझ्या कानाशी तोंड आणून हळूच म्हणाले, "खरं सांगा गुरुजी, भाईरच्या देशातलं हाय न्हवं?"

मी मठ्ठ्याचा पेला तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली घेतला नाही.