आढं चढवतानाचा फोटो

तात्या, म्हणजे माझे वडील, सुतार होते. नेवासा तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांच्याशिवाय कुणाच्या घराचं आढं चढत नसे. आढं म्हणजे छपराची मधली, सगळ्यात जाड तुळई. सगळे वासे तिच्यावर टेकतात. ती चढवायला सोळा-सतरा माणसं लागायची. ती आपणहून यायची, दोर धरायची, आणि तात्या वर परांचीवर उभे राहून नुसता हात हलवायचे. हात वर, की ओढा. हात आडवा, की थांबा. तोंडानं एक अक्षर नाही. कारण आढं भुईवरनं उचललं की ते जागेवर टेकेपर्यंत तिथं कुणी 'थांब', 'नको', 'पुरे' असलं काही बोलायचं नाही, अशी रीत होती. बोललं तर त्या घराची बरकत थांबते म्हणे. कसली बरकत अन् कसलं काय! पण तात्या ती रीत मरेस्तोवर पाळणारे.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी गावातल्या एका बागाईतदारानं नवं घर बांधायला काढलं. त्याच साली त्यानं एक बुटकं ट्रॅक्टरही आणलं होतं. मोठ्या ट्रॅक्टरच्या निम्मंही नसेल. गावानं त्याचं नाव 'बोकड' ठेवलं. ते चालवायला मला घेतलं होतं. मी बावीस वर्षांचा, रंधा मारायचा कंटाळा आलेला, आणि त्या बोकडावर बसलो की मला वाटायचं, अख्खा तालुका माझ्याकडंच बघतोय. तात्यांना ते रुचलं नव्हतं. पण बोलले नाहीत. ते बोलायचेच नाहीत, हाच तर माझा त्यांच्यावर आजवरचा राग.

आढं सागवानी, राजूरकडच्या जंगलातलं, चांगलं वीस फुटी. तात्यांनी कितीतरी दिवस खपून ते तासलं होतं. चढवायच्या आदल्या दिवशी मालक म्हणाला, "मिस्तरी, सतरा मानसं कशाला गोळा करायची? आपला बोकड उचलंल की."

"मालक, मानसं माझ्या हाताकडं बघत्यात," तात्या म्हणाले. "ह्याला डोळं कुठं हायेत?"

"चालवनारा तुमचाच पोरगा हाय न्हवं?"

दोघंही माझ्याकडं बघायला लागले. तात्या म्हणतायत ते खरं आहे, एवढंच मी म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "तात्या, तुमचं कायतरीच. पाच मिन्टाचं काम हाय." जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी घराच्या मधोमध दोन उंच बल्ल्या उभ्या करून वर कप्पी बांधली. आढ्याला बांधलेला दोर त्या कप्पीवरून खाली आणून ट्रॅक्टरच्या मागं अडकवला. ट्रॅक्टर पुढं गेलं की आढं वर. म्हणजे माझी पाठ आढ्याकडं. म्हणून असं ठरलं, की मालक माझ्यासमोर उभा राहील, तात्यांनी हात आडवा केला की मला तांबडं फडकं दाखवील, आणि मी ब्रेक मारीन. दोन्हीकडच्या भिंतींवर एकेक गवंडी बसला होता, आढ्याची टोकं खाचेत बसवायला. तात्या मधल्या परांचीवर, बल्लीला लागून, उजवा हात आढ्यावर, डावा हात इशाऱ्याला. बाकी गाव खाली तमाशा बघायला जमलेलं. मालकानं नगरहून फोटोवालाही आणला होता.

आढं सुरेख वर गेलं. खालून लोक "वा रं बोकडा!" म्हणत होते. मला तर आभाळ ठेंगणं झालं होतं. तेवढ्यात फोटोवाला म्हणाला, "मालक, इकडं बघा." मालक फडकं मुठीत धरून, छाती काढून तिकडं वळला. "डायवर, तुमी बी. हसा की जरा."

मी हसलो.

मग वरून एक गवंडी किंचाळला, "आरं थांब, मेला तो!" सगळ्या गावात तो एकटाच शहाणा. मी ब्रेक मारला, मागं बघितलं. आढं वर जाता जाता फिरलं होतं, आणि ते नि बल्ली यांच्यामध्ये तात्यांचा उजवा पंजा सापडला होता. तोंड घट्ट मिटलेलं. डावा हात अजून आडवाच. घाईत माझं इंजिन बंद पडलं. ते पुन्हा चालू करून दोर सैल सोडीपर्यंत माझे वडील तिथं वर तसेच अडकून उभे होते.

मालकानं पहिलं काय विचारलं असेल? "आढ्याला तडा न्हाई ना गेला?"

तात्यांना जीपमध्ये घालून मी नगरच्या दवाखान्यात नेलं. अंगठा आणि करंगळी राहिली, बाकीची तीन बोटं काढली. इकडं मुहूर्त टळू नये म्हणून तमाशा बघणाऱ्यांनीच दोर धरला आणि आढं बसवलं. सतरा माणसं होतीच की तिथं! सुताराला द्यायचा मानाचा फेटा होता, तो ट्रॅक्टरच्या दिव्याला बांधला. यंत्राचा मान!

मी एकदाच तात्यांना विचारलं, "एवढं व्हत हुतं तर वराडला का न्हाईत?"

"दुसऱ्याचं घर हाय. थांब कसं म्हनायचं?"

"आनि हात?"

"त्यो माझा हुता," तात्या म्हणाले.

त्यानंतर त्यांनी लाकूड तासायचा वाकस हातात धरला नाही. धरता येत नव्हता. डाव्या हातानं खुंट्या तासायचे, वेड्यावाकड्या, आणि कुणी बघायला लागलं की पोत्याखाली सारायचे. मी बोकड सोडला आणि नगरला कारखान्यात लागलो. तात्या गेले तेव्हा मालक खांदा द्यायला आला होता. मी त्याला काही बोललो नाही. मीही त्यांचाच पोरगा.

पुढं बऱ्याच वर्षांनी नातवाच्या लग्नाला मालकानं फारच आग्रह केला म्हणून त्या घरी गेलो. बैठकीत, बरोबर त्या आढ्याखाली, तो फोटो लावलेला. काच पुसून लख्ख. मालक आता थकलेला, पण हौस तीच. "बघ रं, कसा हसतोयस! काय तरनाबांड दिसतोयस!"

मी बघितलं. मालकाची छाती, मुठीतलं फडकं, माझे दात. तात्या फोटोत नाहीत, ते फार वर होते. पण माझ्या मागून दोर निघालाय आणि तो चौकटीबाहेर गेलाय. तो दोर ताठ आहे. मी हसत होतो तेव्हा ट्रॅक्टर ओढतच होतं.