डाव्या हाताचा सराटा

थालीपीठ करपल्याचा वास आला की मला अकोल्यातलं माझ्या सासरचं स्वयंपाकघर आठवतं. लग्न होऊन मी अमरावतीहून तिथे गेले तेव्हा सासूबाई नव्हत्या. वर्षभरापूर्वीच त्या गेल्या होत्या आणि तेव्हापासून सासरे आणि माझे यजमान कसंबसं रांधून खात होते. पहिल्याच सकाळी मी थालीपीठं करायला घेतली, पण उलटायला गेले की ती फाटायची. घरातला लोखंडी सराटा, म्हणजे उलथणं, एका कोपऱ्यातून पार झिजून तिरपा झाला होता. तिसरं थालीपीठही फाटून तव्यावरच करपलं आणि मला रडूच आलं. सासरे दारात येऊन म्हणाले, “काहून रडून राहिली? तो सराटा डाव्या हातात घेऊन पाह्य. तुही सासू डावखोरी होती, तिच्या हातानं झिजला तो.” मी हात बदलला. सराटा अलगद खाली सरकला आणि थालीपीठ अख्खं निघालं. ते मी सासऱ्यांच्या ताटात वाढलं, तर बराच वेळ ते मोडायला त्यांचा हातच होईना. दुसऱ्या दिवशी बाजारातून त्यांनी स्वतःच नवा सराटा आणला. “आता तू रांधून राहिली. तुह्या हाताले जमन असा पाह्यजे,” एवढंच बोलले. आता तोही माझ्या हातानं एका अंगाला झिजलाय, आणि सून म्हणते, आई, बदलून टाकू या. जीव थोडा कळवळतो, पण मी तिला नाही म्हणत नाही.